खसखशीएवढे रिवेट

लोधिवलीच्या वाल्मिकदादांनी आजवर काय काय उघडून बघितलं, हे बायजावहिनींना विचारू नये. विचारलं की चहा गार होतो आणि आपण ऐकतच बसतो. लग्नात आलेलं घड्याळ, माहेरचा रेडिओ, नवाकोरा मिक्सर, टीव्हीचा रिमोट. एवढंच काय, मेहुण्याचं कानात घालायचं यंत्रसुद्धा, मेहुणा आंघोळीला गेला तेवढ्या वेळात दादांनी उघडलं. यातलं बरंचसं परत बंदही झालं. जे झालं नाही ते मागच्या पडवीत पत्र्याच्या पेटीत पडून आहे आणि घरात त्या पेटीला 'दवाखाना' म्हणतात. मेहुण्याचं यंत्र मात्र बरं होऊन बाहेर आलं. फक्त तेव्हापासून त्याला बायकोचं बोलणं तेवढं ऐकू येत नाही, बाकी सगळं येतं. त्याची त्याबद्दल काही तक्रार नाही.

पोटापाण्यासाठी दादांचं चौक गावात, जुन्या हायवेला लागून, डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. ठोकलेली गाडी यायची आणि नवरीसारखी सजून जायची. डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवायचा आणि पोचा नेमका कुठे आहे ते सांगायचं, ही त्यांची खासियत. आता अशी सवय हाताला लागली की हात काय घरी आल्यावर गप्प बसतो? कुणाकडे कार्याला गेले की फ्रिजवरून हात, कपाटावरून हात. नवरदेवाच्या पाठीवर थाप मारतानासुद्धा दादा पोचा शोधत असतात, असं आळीत बोलतात. आळीत काय, कशावरूनही बोलतात.

नवरदेवाचा विषय निघालाच आहे, तर दादांची लेक भाविका. खोपोलीला लॅबमध्ये रक्त तपासते, लग्नाच्या सीझनला नवरींच्या हातावर मेंदी काढते आणि आलेली स्थळं परत पाठवते. एकाचं बोलणं फार, एकाचं अजिबात नाही, एक जण पहिल्या भेटीत मोबाइलवर स्वतःचेच फोटो दाखवत बसला. तिसऱ्या-चौथ्यानंतर बायजावहिनींनी आशा सोडून दिली होती. आणि अचानक कर्जतच्या देवेशला भेटून आल्यावर भाविका म्हणाली, "हा बरा आहे." म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. वहिनींच्या हातातला विळा तसाच राहिला.

स्थळ आणलं होतं कोंडाजीने. कोंडाजी नात्याने दादांचा चुलतभाऊ, धंद्याने भाताचा आडत्या आणि आवडीने मध्यस्थ. चौकशी काढण्यात त्याचा हात धरणारा खालापूर तालुक्यात नाही. तो दोन दिवस कर्जतला फिरला, पानवाल्याशी बोलला, किराणावाल्याशी बोलला, आणि ओट्यावर येऊन बसला.

"पोरगं चांगलं हाय दादा. कंपनीत परमनंट. तंबाखू नाय, गुटखा नाय, चहा पन बिनसाखरेचा. यकच गोष्ट हाय."

"कंची?"

"सुट्टीच्या दिशी सकाळीच पिशवी घिऊन ठाकुरवाडीला जातं. यकटंच."

"कोन हाय तिथं?"

"तेच तर! घाटातलं स्टेशन, चार घरं, बाकी नुसता डोंगार. बगन्यासारखं काय बी नाय."

आतून बायजावहिनी ओरडल्या, "काय बगन्यासारखं नाय, तर मंग कुनाला बगायला जातो, गं बाई!"

"आनी येताना," कोंडाजीने आवाज खाली आणला, "खिसं दगडांनी भरल्यालं असतात. त्याच्या आईनं सोता सांगितलं. कपडं धुवायला टाकलं की दगडं निघतात."

झालं. दारूचं व्यसन असतं तर माणसाला समजलं असतं. एखादी पोरगी असती तरी समजलं असतं. पण दगड? पुढचे दिवस लोधिवलीत याच्यावर जे तर्क चालले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. वाल्मिकदादा मात्र गप्प होते. ज्या वस्तूचं झाकण दिसतं आणि आतलं दिसत नाही, तिच्यासमोर ते नेहमी असेच गप्प होतात. बायजावहिनींना ही लक्षणं ओळखीची. त्या म्हणाल्या, "घर बगायला जानार हाव आपन. तिथं कायबी उघडायचं नाय. सांगून ठेवते."

दादा, वहिनी, भाविका आणि कोंडाजी घर बघायला गेले. देवेशचे वडील राजेशभाऊ दारात उभे, आई पदर सावरत पोहे आणतेय, देवेश इस्त्रीच्या शर्टात ताठ बसलाय. घर नीटनेटकं. दादांनी सोफ्यावरून हात फिरवला, टीपॉयवरून फिरवला, काही सापडलं नाही. मग बाथरूम कुठे आहे विचारलं. राजेशभाऊंनी डावीकडचं दार दाखवलं. दादांनी उजवीकडचं उघडलं.

त्या उजवीकडच्या दाराच्या आत पाहुण्यांना जाऊ द्यायचं नाही, असं त्या घरात पक्कं ठरलेलं होतं. त्या खोलीपायी आधी दोन स्थळं मोडली होती. पण बंद दारावर ते काही लिहिलेलं नव्हतं.

आत तीन भिंतींना लागून प्लायवूडचं टेबल, आणि टेबलावर डोंगर. हिरवा, करडा, वर झाडं. डोंगराला वळसे घालत चढणारे रूळ, दोन रुळांमध्ये दादांचं एक बोट जेमतेम मावेल एवढंच अंतर. आणि त्यावर इंजिन, डबे. नेरळहून माथेरानला चढते तीच गाडी, पण एका वाटीत मावेल अशी.

देवेश मागून धावत आला. कान लाल झालेले.

"हे काय हाय?" दादांनी विचारलं.

"मॉडेल आहे. माथेरानच्या गाडीचं."

"चालतं?"

"चालतं."

"चालव."

गाडी चालली. दादा गुडघे टेकून खाली बसले आणि डोळा रुळाच्या पातळीला आणला. गाडी वळणावर आली, कलली, पुढे गेली. दादांनी प्रश्न सुरू केले. पटरी अशी चिंचोळी का? अरुंद पटरीची गाडी आखूड वळण घेते, डोंगरात तेच लागतं, देवेश म्हणाला. "बराबर," दादा म्हणाले, "टेंपो वळतो तितं टरेलर नाय वळत." झाडं कशाची? भुशाची. बोगदा कशाचा? थर्माकोलचा. आणि रुळाखालची खडी?

"खरीच आहे. ठाकुरवाडीहून आणतो. दगड कुटून, चाळून. दिवसभर गाड्याही बघून होतात."

दादा तिथूनच ओरडले, "अगं ए! दगड सापडलं!"

बाहेर बायजावहिनींच्या घशात पोहे अडकले.

एवढ्यावर भागलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण फळीवर एक खोकं होतं, त्याची चिकटपट्टीसुद्धा फोडलेली नव्हती. दादांची नजर तिथे गेली.

"ह्यात काय?"

"मालडब्याचं किट. आपण जोडायचं, आपणच रंगवायचं. विलायतेहून मागवलंय. एकदा वाटेत गहाळ झालं, मग त्यांनी परत पाठवलं. आता तो डबा ते बनवायचे बंद झालेत."

"आलं कधी?"

"पावसाळ्यात."

आता दिवाळी होऊन गेली होती. घरात बंद खोकं ठेवून माणूस इतके दिवस झोपू कसा शकतो, हे दादांच्या बुद्धीच्या बाहेरचं होतं. "आनी रंग कशानं मारतो?"

"ब्रशने."

"ब्रशनं?" दादांनी असं विचारलं की जणू पोरगा गाडीला शेण फासतो म्हणाला. "आन इकडं. मी करून देतो. रंगाच्या गनवर. बग कसा हुतो."

देवेशच्या तोंडावरचा रंग उडाला. त्याने मागोमाग दारात आलेल्या आईकडे बघितलं. आईने डोळ्यांनीच दटावलं. होणाऱ्या सासऱ्याला पहिल्याच दिवशी 'नाही' कसं म्हणायचं? राजेशभाऊ म्हणाले, "दे रे दे, त्यांचा धंदाच आहे तो." देवेशने खोकं काढलं, त्यावरची धूळ पुसली आणि दोन्ही हातांनी दादांना दिलं. पाठवणीला लेक देतात तसं. भाविका दारातून सगळं बघत होती.

परतीच्या वाटेवर गाडीत मात्र तिने स्पष्ट सांगितलं. "बाबा, मला हाच पसंत आहे. तुमचं काय ते सांगा."

"अगं, पन येवढा बाप्या आनी खेळतोय अजून."

"तुम्ही मिक्सर उघडता ते काय असतं?"

"ते काम हाय."

कोंडाजीने पुढच्या सीटवरून सांगितलं की पुढच्या रविवारी मुलाकडचे लोधिवलीला येणार. होकार असेल तर त्याच बैठकीत सुपारी फोडायची, नसेल तर चहा पाजून पाठवायचं. दादा खोक्यावर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "ह्याच्यात तो काय बगतो ते मला बगायचं हाय. कळलं की सांगतो."

म्हणजे लेकीचं लग्न आता त्या खोक्यात होतं.

पडवीत बाकडं मांडलं गेलं. खोक्यात डबा नव्हताच. होत्या प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटी, आणि त्यांना वेलाला वालाच्या शेंगा लटकाव्यात तसे भाग लटकलेले. डब्याच्या बाजू, तळ, दांड्या, कड्या, आणि कागदाच्या पुडीत लोखंडी चाकं. दादांना पहिल्यांदाच अशी वस्तू मिळाली होती जी उघडलेलीच होती आणि बंद करायची होती. ते हरखले. थिनरचा एक थेंब त्यांनी फुकट जाणाऱ्या काडीवर टाकून बघितला; काडी गुळासारखी विरघळली. "बरं झालं बगितलं," म्हणून त्यांनी थिनर लांब ठेवला. तळ जोडला, चाकं बसवली, चाकं फिरली. मग एक बारीकशी दांडी सापडली, नखाएवढी.

"बायजे! अगं ह्याला हातबिरेक हाय!"

"बरं."

"डब्याच्या अंगाला! मानूस खाली हुबा ऱ्हाऊन दाबनार. बग तरी!"

वहिनींनी बघितला. आळीतल्या सगळ्यांनी बघितला. कोंडाजीला तर फोनवर सांगितला. मग चाकाजवळचा एक भाग पडला आणि दिसेनासा झाला. पडवीत झाडू बंद. केर गोळा करून पिठाच्या चाळणीने चाळला. कोंबडीने गिळला असेल म्हणून कोंबडीवर लक्ष ठेवण्यात आलं. शेवटी तो दादांच्याच कोपराला चिकटलेला सापडला आणि कोंबडी सुटली.

दादा रोज गॅरेज लवकर बंद करून येऊ लागले. डब्याला दार कुठे, माल भरायचा कसा, घाटात ब्रेक लागला नाही तर काय होईल. ते स्वतःशीच विचारायचे आणि स्वतःच उत्तर शोधायचे. पोरगा यात काय बघतो ते त्यांना कळायला लागलं होतं. म्हणायला तेवढे तयार नव्हते.

आणि मग त्यांनी डब्याच्या बाजूवरून बोट फिरवलं.

बोटाला खरखर लागली. डोळे मिटून परत फिरवलं. ओळीने बारीक दाणे, खसखशीएवढे, पट्टीच्या कडेकडेने. दादांना पोराची कीव आली. इतके महिने वाट बघून विलायतेहून माल मागवला आणि हे असं फिनिशिंग? अंगावर पुरळ उठल्यागत! आपल्या गॅरेजमधून अशी गाडी बाहेर पडली असती तर गिऱ्हाइकाने चार माणसं आणली असती. त्यांनी मनाशी ठरवलं की पोराला काही सांगायचंच नाही. गपचूप नीट करून द्यायचं. त्यांनी पुट्टी काढली, पाण्यात पॉलिशपेपर भिजवला आणि घासायला बसले. हा पेपर, मग त्याहून बारीक, मग त्याहून बारीक. सगळे दाणे गेले. मग टचअपच्या लहान गनने लांबून प्रायमर, त्यावर तांबडा-चॉकलेटी रंग, त्यावर चकाकी, त्यावर मऊ फडकं. डबा असा झाला की बायजावहिनींना त्यात कपाळावरची टिकली दिसली. त्यांनी ती नीट केली.

शुक्रवारी संध्याकाळी भाविका कामावरून आली. दादांनी डबा तळहातावर धरून पुढे केला. तिने बघितला. मग खोक्याचं झाकण बघितलं, त्यावर डब्याचं चित्र होतं. मग परत डबा.

"बाबा, ह्याचे रिवेट कुठे गेले?"

"कंचे रिवेट?"

तिने चित्रावर बोट ठेवलं. पट्टीच्या कडेने दाणे. ओळीने.

दादा बघतच राहिले. तीस-एक वर्षं ट्रकच्या हौद्यांत पत्र्याला पत्रा जोडायला रिवेट ठोकणारा माणूस. पण त्यांचा रिवेट अंगठ्याएवढा. तो खसखशीएवढा झाला तर कसा दिसेल हे हातालाही ठाऊक नव्हतं आणि डोळ्यालाही. हाताला फक्त एकच ठाऊक होतं: वर आलेलं दिसलं की घासायचं. ते बाकड्यावर बसले.

"नवीन मागवू," बायजावहिनी म्हणाल्या.

"बंद झालाय तो डबा. मिळत नाही."

"मंग सांगू की कोंबडीनं खाल्ला," त्या म्हणाल्या. कोणी हसलं नाही.

भाविका खाली बसली. "आई, त्या खोलीवरून त्याची दोन स्थळं गेली. त्याच्या घरच्यांनी लपवायचं ठरवलं होतं. पण त्याने मला फोनवर सगळ्यात आधी तेच सांगितलं. म्हणाला, मागाहून कळण्यापेक्षा आत्ता नाही म्हणालात तर बरं. आता आपण त्याला हा असा डबा देणार, आणि तो तोंडावर छान आहे म्हणणार, कारण बाबा सासरे. मग आयुष्यभर मला छानच म्हणत बसेल. मला नकोय तसलं."

दादांनी डब्याकडे बघितलं. डब्यात त्यांचाच चेहरा दिसत होता. लांबट आणि खुळा.

"सुईनं थेंब देऊन बगतो," ते म्हणाले. रंगाचा थेंब दिला, तो पसरला. दुसरा दिला, तो पहिल्यात मिसळला. हात पत्र्याचा, काम मुंगीचं. तिसऱ्या थेंबाला भाविकाने त्यांच्या हातातून सुई काढून घेतली, आत गेली आणि मेंदीचा रिकामा कोन घेऊन आली. त्यात फेविकॉल भरला, टोकाला टाचणीएवढं भोक पाडलं.

"चकाकी घालवा आधी. त्याच्यावर चिकटायचं नाही."

दादांनी स्वतः चढवलेली चकाकी स्वतःच्या हाताने घासून घालवली. माणूस आयुष्यात किती वेळा असं करतो? आणि मग लोधिवलीत कितीतरी नवरींच्या मनगटावर मोगऱ्याच्या कळ्या काढलेल्या हाताने डब्याच्या पट्टीवर दाणे ठेवायला सुरुवात केली. थेंब, थेंब, थेंब. श्वास रोखायचा, ओळ संपवायची, श्वास सोडायचा. दादा झाकण धरून सांगत होते: इथं जोडीनं, इथं यकच, कोपऱ्यात तीन. एक बाजू झाली. दुसरी बाजू कशी असते ते झाकणावर नव्हतं.

"तीच धर," दादा म्हणाले. "ट्रकला दोनी बाजू सारख्याच असतात."

आता राहिला रंग. भाविकाने सांगितलं की त्याच्या खोलीतले सगळे डबे मळके होते, आठवून बघा. दादांनी आठवलं. खरंच, गंजलेले, धुरकटलेले. पोरगा नवं आणून जुनं करतो! दादा जुनं आणून नवं करतात! पण गंज लावायचा कसा हे त्यांना कुठे ठाऊक? आयुष्यभर गंज दिसला की त्यांनी फक्त खरवडला, कधी बघितला नव्हता.

शनिवारी ते चौकला ढाब्यासमोर एका डंपरच्या मागे जाऊन उभे राहिले. वाकून बघतायत, बोटाने चाचपतायत, मान वाकडी करून परत बघतायत. ड्रायव्हर चहाचा ग्लास घेऊन आला.

"काय ओ, आरटीओचे काय?"

"नाय, नाय. तुमचा गंज बगतोय."

"का?"

"लय झ्याक हाय." आणि खरंच होता. दादांना कळलं की गंज सगळीकडे सारखा नसतो. तो रिवेटच्या खाली सुरू होतो, पाणी जिथून ओघळतं तिथून खाली उतरतो, आणि वर तांबडा, खाली काळपट होत जातो. चाकाच्या वर चिखलाचा वेगळा थर. दाराच्या कडीजवळ मात्र पत्रा उजळ, कारण रोज हात लागतो. "कमाल हाय," ते म्हणाले. ड्रायव्हरने चहाचा ग्लास तसाच ठेवला आणि डंपर घेऊन निघून गेला. धोका कशाला घ्या.

घरी येऊन दादांनी तसंच केलं. फक्त प्रत्येक ओघळाआधी त्यांचा हात अडखळायचा. कडीजवळ रंग पुसून उजळ केला तेव्हा मात्र ते स्वतःशीच हसले.

रविवारी मुलाकडचे आले. राजेशभाऊ, देवेशची आई, देवेश, आणि यजमानासारखा पुढे पुढे करणारा कोंडाजी. ताटात नारळ, सुपारी, हळदकुंकू, पेढे. बायजावहिनींनी नवऱ्याला आत बोलावून बजावलं, "आदी सुपारी, मंग डबा. उलटं करायचं नाय."

दादा बाहेर येऊन बसले. चहा झाला. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. देवेश काही विचारत नव्हता, पण त्याची नजर खिडकीत, कपाटावर, पडवीच्या दाराकडे फिरत होती. हॉस्पिटलच्या बाहेर बसलेल्या माणसाची असते तशी. कोंडाजीने सुपारी हातात घेतली आणि घसा खाकरला.

"थांब," दादा म्हणाले.

आतून बांगड्या वाजल्या. रागाने.

दादांनी कपाटातून डबा आणला आणि देवेशच्या तळहातावर ठेवला. "आदी हे बग. दानं मी घासून टाकलं. समदे. मला वाटलं पुरळ हाय. नंतर कळलं की रिवेट व्हते. तू इतकी वाट बगितली आनी म्या असं केलं. आता नाय म्हनायचं असंल तर म्हन. मी ऐकून घेईन."

राजेशभाऊंनी पोराकडे बघितलं, आईने छताकडे. देवेश उठला आणि डबा खिडकीपाशी नेला. उजेडात धरला, तिरका केला, डोळ्याजवळ आणला. दादांना वाटलं, गॅरेजमध्ये गाडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा इतका वेळ घेत नाही.

"मग हे दाणे?" देवेशने विचारलं.

"मी लावले," भाविका आतल्या दारातून पुढे येत म्हणाली. "मेंदीच्या कोनाने. फेविकॉल आहे."

"फेविकॉल?"

"हो."

"भोक किती ठेवलं?"

"टाचणीचं टोक."

देवेशने डबा फिरवला. मग कपाळाला आठी पडली. "ह्या बाजूला पट्टीच्या वर एक ओळ जास्त आहे."

"झाकणावर एकच बाजू होती," भाविका म्हणाली. "दुसरी कशी असते ते मला कसं कळणार?"

"मला विचारायचं."

"विचारलं असतं तर तुम्हाला कळलं नसतं का काय झालंय ते?"

"कळलं असतं तर सांगितलं असतं. ह्या बाजूला ब्रेकची दांडी येते, म्हणून वरची ओळ नसते."

"मग द्या इकडे. काढते ती ओळ."

"काढू नका!"

"चूक आहे म्हणालात ना?"

"आहेच. पण काढायची नाही. दुरुस्तीत कधी कधी जास्तीची पट्टी मारतात, तशी समजू."

"समजू कशाला? चूक आहे तर चूक आहे. पंधरा मिनिटांचं काम."

"आणि काढताना रंग गेला तर? हा गंज बघा तरी, दाण्याखालून कसा उतरलाय! हा परत येईल का?"

गंजाची तारीफ ऐकून दादा पुढे सरकले, पण त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. भाविकाने डबा हिसकून घेतला, देवेशने तिच्या खांद्यावरून वाकून बोट दाखवलं, तिने ते बोट बाजूला सारलं. देवेशची आई तोंडाला पदर लावून बसली होती. कित्येक वर्षांत तिच्या पोराला त्या खोलीबाहेर इतकं मोठ्याने बोलताना कोणी ऐकलं नव्हतं.

कोंडाजी सुपारी हातात धरूनच उभा होता. "काय वं राजेशभाऊ," तो म्हणाला, "ह्ये तर लगीन झाल्यागत भांडतात. म्या फोडू का उगाच हातात धरून बसू?"

राजेशभाऊंनी दादांकडे बघितलं. दादांनी लेकीकडे. ती म्हणत होती, "तुम्ही छान म्हणाला असतात ना, तर मी आत निघून गेले असते."

"पण छान नाहीच आहे ती ओळ," देवेश म्हणाला.

"फोड," दादा म्हणाले.

कोंडाजीने सुपारी फोडली. बायजावहिनी पेढ्यांचं ताट घेऊन बाहेर आल्या, नवऱ्याकडे एक डोळा वटारला आणि दोघांच्या तोंडात एकेक पेढा कोंबला. तेवढ्यापुरतं दोघंही गप्प झाले. पण भाविकाचं बोट अजून त्या जास्तीच्या ओळीवरच होतं, आणि देवेश, तोंड भरलेलं, मान हलवून 'नाही, नाही' म्हणत होता.